शीटमधली शेवटची ओळ

कुठल्याही ग्रुपची रोड ट्रिपची एक्सेल शीट उघडून बघा. पहिल्या दिवशी किती वाजता निघायचं, चहा कुठे, जेवण कुठे, सूर्यास्त कुठल्या पॉइंटवरून बघायचा, सुरमई कुठल्या खानावळीत चांगली मिळते, सगळं असतं. दुसऱ्या दिवसाच्या सात ओळी, तिसऱ्याच्या नऊ. आणि शेवटच्या दिवसापुढे? "बॅक टू नागपूर". संपलं! नऊशे-हजार किलोमीटरचं काम आणि त्याचं वर्णन तीन शब्दांत. ऑफिसात कोणी असं टिकेट लिहिलं तर आपण ते हातातही घेत नाही, "डिटेल्स टाक रे बाबा" म्हणून परत पाठवतो.

माझं म्हणणं साधं आहे. ट्रिपचा सगळ्यात धोक्याचा दिवस म्हणजे हा शेवटचा दिवस, आणि नेमका त्याचाच प्लॅन कोणी करत नाही. परतीच्या प्रवासाला स्वतःचा मुक्काम हवा, स्वतःची सुट्टी हवी, आणि ती सुट्टी ट्रिप ठरवतानाच टाकलेली हवी. बाकी सगळा लेख म्हणजे हे मी का म्हणतोय त्याचं स्पष्टीकरण आहे.

आता हे नागपूरवाल्यानेच का लिहावं? कारण आपलं गाव मधोमध आहे. झीरो माइलच्या खांबाचं आणि त्या चार घोड्यांचं आपल्याला कोण कौतुक! पण देशाच्या मध्यावर राहायचं म्हणजे समुद्र सगळ्या बाजूंनी सारखाच लांब. पुण्याच्या माणसाला शनिवारी सकाळी वाटलं की तो दुपारी अलिबागला असतो. आपल्याला वाटलं तर चिखलदरा, पचमढी, ताडोबा, पेंच. ते छानच आहे, पण कोकण किंवा गोवा म्हटलं की एकीकडून हजाराच्या आसपास किलोमीटर. म्हणजे आपल्या ट्रिपमध्ये परतीचा दिवस हा सगळ्यात मोठा दिवस असतो. मुंबई-पुण्याच्या मित्रांचा जो "संध्याकाळपर्यंत घरी" असतो, तो आपला "पहाटेपर्यंत घरी" होतो.

पूर्वी याला एक नैसर्गिक ब्रेक होता. अमरावती, अकोला, खामगाव करत मुंबईकडे जायचं म्हणजे चौदा-सोळा तास. ट्रक, गावं, गतिरोधक, रस्त्याची कामं. एका दमात ते करायची हिंमतच होत नसे, त्यामुळे मध्ये कुठेतरी मुक्काम व्हायचा, शेगावला नाहीतर एखाद्या मावशीकडे. मग समृद्धी महामार्ग आला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, मे २०२३ मध्ये भरवीरपर्यंत, मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा तुकडा. एकूण ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, गाड्यांना सपाटीवर ताशी १२० ची मर्यादा. सोळा तासांचे आठ झाले.

मला हा रस्ता आवडतो, उगाच खोटं कशाला बोलू. पण या रस्त्याने आपल्या डोक्यातलं गणित बदललं. आधी "मुक्काम कुठे करायचा?" असा प्रश्न असायचा. आता "मुक्काम कशाला करायचा?" असा असतो. तास वाचले ते आपण विश्रांतीत टाकले नाहीत, ट्रिपच्या शेवटच्या सकाळी अजून एक किल्ला नाहीतर अजून एक बीच बसवण्यात टाकले.

शेवटच्या दिवसाचं टाइमटेबल आठवून बघा. आदल्या रात्री शेवटची रात्र म्हणून गप्पा दोन वाजेपर्यंत. सकाळी सातला सगळे कसेबसे उठतात. नाश्ता, बिलाचा हिशोब, कोणाचा तरी चार्जर खोलीत राहिलेला असतो. मग "एवढ्या लांब आलोच आहोत तर" म्हणून एक शेवटचा पॉइंट. मग आईसाठी कोकम, ऑफिससाठी काजू. खऱ्या अर्थाने गाडी हायवेला लागते ती बारा-एकला. म्हणजे दुपारच्या जेवणानंतरचे दोन ते चार, जेव्हा शरीराला आपोआप डुलकी येते, ते स्टिअरिंगवर. आणि मध्यरात्रीनंतरची वेळ, जेव्हा शरीर पूर्ण झोपायला निघालेलं असतं, तीही स्टिअरिंगवर. दिवसातल्या दोन सगळ्यात वाईट वेळा आपण निवडून निवडून घेतो.

थोडं गणित करू, आपला धंदाच आहे तो. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंदांची डुलकी, जी लागून गेली हे चालवणाऱ्याला कित्येकदा कळतही नाही, म्हणजे १०० मीटर. शंभर मीटर गाडी कोणीच चालवत नाहीये.

दुसरं गणित. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक छोटा पेपर लिहिला. त्यांनी लोकांना जागं ठेवलं, दुसऱ्या वेळी त्याच लोकांना दारू पाजली, आणि दोन्ही वेळा हात-डोळ्यांच्या समन्वयाची एकच चाचणी घेतली. सतरा तास जागं राहिलेला माणूस साधारण तसाच वागतो, जसा रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेला माणूस. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सकाळी सातला उठलेल्या माणसाचे सतरा तास रात्री बाराला पूर्ण होतात. आणि रात्री बाराला आपण कुठे असतो? कारंजा नाहीतर धामणगावच्या आसपास, "आलंच आता" म्हणत. एक थेंबही न पिता!

हे "आलंच आता" प्रकरणही गमतीशीर आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाच्या नील्स व्हॅन डे व्हेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तेवढंच अंतर आणि तेवढाच वेळ असला तरी परतीचा प्रवास लोकांना लहान वाटतो. त्यांच्या प्रयोगांत सुमारे २२ टक्क्यांनी लहान. त्यांचं कारणही पटण्यासारखं आहे. जाताना वाटतं पटकन पोचू, मग अपेक्षेपेक्षा लांब पडतं. येताना आधीच धरलेलं असतं की लांब आहे, म्हणून कमी वाटतं. डोक्याला २२ टक्के कमी वाटतं, पण डोळ्यांना, पाठीला आणि झोपेला पूर्ण शंभर टक्केच पडतं ना! म्हणजे दमलेल्या माणसाला आपण किती दमलोय हे सांगणारं घड्याळच मागे पडलेलं असतं.

आता थोडं गंभीर.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर उलटली आणि पेटली. २५ प्रवासी गेले. आपल्यातले कित्येक जण याच वेळेच्या, अशाच बसने पुण्याला जॉइन व्हायला गेलेले आहेत, त्यामुळे त्या आठवड्यात नागपुरात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय होता. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या रात्री वैजापूरजवळ एक मिनीबस ट्रकवर आदळली आणि १२ जण गेले. ती मंडळी नाशिककडची. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याचं दर्शन करून घरी परतत होती. रात्री साडेबारा-एकची वेळ.

या अपघातांची वेगवेगळी कारणं पुढे आली, चौकश्या झाल्या, अटका झाल्या. सगळ्यांचं खापर झोपेवर फोडायचं नाहीये मला. पण दोन्हीची वेळ बघा. आणि दुसऱ्याची दिशा बघा.

एक गोष्ट मात्र मला इंजिनिअर म्हणून खटकते. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. हे सरकारी आकडे. या अहवालात नियमभंगाचे कप्पे असतात : अतिवेग, दारू पिऊन चालवणं, उलट्या दिशेने चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाइल, आणि "इतर". झोपेला स्वतःचा कप्पा नाही. कसा असेल? दारूसाठी फुंकायचं यंत्र आहे, झोपेसाठी नाही. अपघाताच्या धक्क्याने माणूस खडबडून जागा होतो, आणि नाही झाला तर सांगायला उरत नाही. जो बग लॉगमध्येच येत नाही, तो नाहीच असं आपण धरून चालतो. मॉनिटरिंगवर सगळं हिरवं, आणि कस्टमर मात्र ओरडतोय, तसली गत.

"मग रस्त्याचाच दोष आहे की!" असं म्हणणारे भेटतात. काही अंशी बरोबर. सरळसोट, एकसारखा, वळणं नाहीत, गावं नाहीत, नजर खिळून राहते. याला हायवे हिप्नोसिस म्हणतात, आणि आपल्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनीही २०२३ मध्ये या रस्त्याच्या संदर्भात त्याकडे बोट दाखवलं होतं. रस्ता सुरू झाला तेव्हा पेट्रोल पंप, चहा, बाथरूम यांची बोंब होती हेही खरं. थांबायच्या जागा भरपूर हव्यात, चाकाखाली खडखडणाऱ्या पट्ट्या हव्यात, या मागण्या केल्याच पाहिजेत. पण शेवटचा पॉइंट आपण टाकला, निघायला उशीर आपण केला, आणि सोमवारी साडेनऊचा स्टँडअप आपण धरला. हे तीन निर्णय कुठल्याही महामंडळाने घेतलेले नाहीत.

दुसरा आक्षेप : "अबे, एक सुट्टी जास्त कुठून आणू?" हा खरा प्रश्न आहे, याची टिंगल करणार नाही. नवीन नोकरीत सुट्ट्या मोजून मिळतात, आणि मॅनेजरला "परतीच्या विश्रांतीसाठी" म्हणून रजा मागायला लाज वाटते. माझं उत्तर असं की सुट्टी जास्त घेऊच नका, ट्रिप एका दिवसाने लहान करा. पाच दिवसांत चार दिवसांची ट्रिप. एक किल्ला राहील. राहू द्या, किल्ले साडेतीनशे वर्षं उभे आहेत, पुढच्या वर्षीही असतील. आणि जे आता टीम लीड वगैरे झाले आहेत त्यांच्यासाठी : लाँग वीकेंडनंतरच्या पहिल्या सकाळी महत्त्वाची मीटिंग लावू नका. आपण शुक्रवारी संध्याकाळी प्रोडक्शनला हात लावत नाही, त्याच शहाणपणाचा हा दुसरा भाग समजा. तुमच्या साडेनऊच्या कॉलसाठी कोणीतरी रात्री दोनला वर्ध्याच्या अलीकडे डोळे चोळत असतो, आणि ते तुम्हाला कधीच कळणार नसतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. "आपण कुठे चालवतोय? ड्रायव्हर आहे ना!"

ड्रायव्हर आहेच. पण तो कुठे झोपला काल? आपण समुद्रासमोरच्या खोलीत, एसी लावून. तो गाडीत, सीट मागे पाडून, काचा थोड्या खाली करून, डासांत. हे तीन रात्री. आणि चौथ्या दिवशी आपण मागे बसून घोरणार आणि तो एकटा बारा-चौदा तास जागा राहणार, कारण उद्या सकाळी त्याला दुसरं भाडं आहे. आपल्याकडे २०२५ पर्यंत १९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा होता. त्यात दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. युरोपात ट्रक-बसच्या चालकांना साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं, आणि ते गाडीतलं यंत्र नोंदवतं. आपल्या टॅक्सीवाल्या भाऊंची नोंद कोण ठेवतं? कोणीच नाही. मग ती आपणच ठेवायला हवी. सहा जणांच्या ग्रुपमध्ये ड्रायव्हरच्या खोलीचे पैसे वाटून घेतले तर माणशी एका बर्गरचा खर्च येतो. त्यात माणुसकी आहे हे तर झालंच, पण निव्वळ स्वार्थानेही ते परवडतं.

आणि स्वतः चालवणार असाल तर गाडीत किती जणांकडे लायसन्स आहे ते मोजा. आमच्या ग्रुपमध्ये सहापैकी पाच जणांकडे आहे, पण वर्षानुवर्षं गाडी दोघंच चालवायचे. दोन मुलींकडे लायसन्स असून "हायवेवर नको गं, शहरात चालव" हे ठरलेलं. का ठरलेलं? कोणालाच माहीत नाही. आता दर दोन तासांनी चालक बदलतो, आणि खरं सांगू, सगळ्यात शिस्तीत लेन धरून चालवणारी त्यातलीच एक आहे.

मागच्या जानेवारीत आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो. परतीचा पहिला मुक्काम पुण्यात एका मित्राकडे, दुसरा लोणारला. पुण्याहून निघताना ग्रुपमधला एक जण नेहमीप्रमाणे सुरू झाला, "काहून थांबून राहिले बे लोणारले? चार तासांचं तर आहे तिथून, रात्री दोनपर्यंत पोचून जातो ना आपण, आपल्या बेडवर झोपू." बाकीच्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि लोणारला थांबले. संध्याकाळी पोचलो, गरम भाकरी, ठेचा, पिठलं खाल्लं, दहाला सगळे आडवे. सकाळी उठून विवराच्या काठावर गेलो. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर, काठापासून काठापर्यंत पावणेदोन-दोन किलोमीटर. २०२० च्या जूनमध्ये याच तळ्याचं पाणी खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गावातलं दैत्यसूदन मंदिर बघितलं. विदर्भातल्याच गोष्टी या, आणि सहापैकी चौघांनी पहिल्यांदा बघितल्या. दहाला मेहकरच्या बाजूने समृद्धीला लागलो, उन्हात, रस्ता स्वच्छ दिसतोय, चालवणारा ताजा. शिवमडक्याला उतरलो तेव्हा दोन वाजले होते. दुपारचे.

त्या दिवशी संध्याकाळी मी कपडे मशीनला लावले, बाबांना काजू दिले, फोटो लॅपटॉपवर घेतले, आणि आठवलं की ट्रिप झाली, मजा आली. एरवी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुजलेल्या डोळ्यांनी बसलं की चार दिवसांतलं फक्त शेवटचं टोल नाकं आठवतं. परतीला वेळ दिला की ट्रिप नीट घरी येते, सामानासकट.

तेव्हा ज्यांना नियम आवडतात त्यांच्यासाठी, माझ्यापुरते ठरवलेले नियम असे. शेवटच्या दिवशी घर चार-पाच तासांच्या आत असावं. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे, शेगाव आहे, लोणार आहे, त्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्यांना जागांची कमी नाही. अंधार पडायच्या आत नागपूर. दोन तासांनी चालक बदल, बदलायला कोणी नसेल तर थांबा. डोळे जड झाले तर खिडकी उघडणं आणि गाणी मोठ्याने लावणं याने जेमतेम काही मिनिटं निघतात, हे ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठाच्या झोपेवरच्या प्रयोगांत दिसून आलंय. त्याच प्रयोगांत उपयोगी ठरलेला उपाय म्हणजे एक कप कॉफी आणि लगेच पंधरा मिनिटांची डुलकी. अर्थात गाडी नीट, सुरक्षित जागी उभी करून. हायवेच्या कडेला नव्हे.

आणि शेवटचा नियम, जो सगळ्यात कठीण आहे. निघताना आईचा फोन येतोच, "किती वाजेपर्यंत पोचाल? जेवायला काय करू?" तिथे आपण बोलून जातो, "दहापर्यंत". मग ते दहा डोक्यात बसतात. साडेआठला अजून दोनशे किलोमीटर राहिले की पाय आपोआप दाबला जातो, कारण तिकडे वरण गरम होतंय. आईची काहीच चूक नाही, तिला आपण लवकर यायला नको आहोत, आपण यायला हवे आहोत. म्हणून वेळ सांगायचीच नाही. "उद्या येतो गं, जेवून येतो, तू झोप" एवढंच सांगायचं. पहिल्यांदा ती थोडी रागावते, पण नंतर सवय होते.